बरं वाटलं म्हणून गोळ्या बंद? मेडिकलच्या काउंटरवरून दिसणाऱ्या चुका

"ॲझी पाचशे, तीन गोळ्या." चिठ्ठी? "अहो, मागच्या वेळी हीच घेतली होती, लगेच गुण आला."

बावीस वर्षं मेडिकल चालवतोय, हा संवाद आठवड्यातून एकदा तरी होतोच. ॲझी म्हणजे ॲझिथ्रोमायसिन, एक अँटिबायोटिक, आणि मागणाऱ्याला झालेली असते साधी सर्दी. साधी सर्दी विषाणूंमुळे होते आणि अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं. अ‍ॅमॉक्सिसिलिनसारखं अँटिबायोटिक जिवाणूला त्याची भिंत बांधू देत नाही. विषाणूला मुळात भिंतच नसते. तुमची सर्दी तुमच्या पांढऱ्या पेशींनी निस्तरलेली असते, श्रेय मात्र गोळीला. पट्टीवर लाल उभी रेघ दिसली की चिठ्ठीशिवाय मागू नका. मी देत नाही, मग लोक समोरच्या दुकानात जातात. जाऊ देत.

माझं खरं दुखणं वेगळं आहे, ते म्हणजे औषध मध्येच सोडणं.

माझ्या मामेभावाला टीबी झाला. सरकारी दवाखान्यातून औषधं फुकट सुरू झाली, पहिले दोन महिने चार औषधं आणि पुढचे चार महिने तीन. लघवी नारिंगी झाली म्हणून घाबरून त्याने रात्री अकराला फोन केला. "अरे, तो त्या चारांतल्या रिफॅम्पिसिनचा रंग, झोप." दोन महिन्यांत खोकला गेला, वजन वाढलं. तिसऱ्या महिन्यात लग्नसराई आली आणि पठ्ठ्याने गोळ्या बंद केल्या, मला न सांगता. दिवाळीत थुंकीतून रक्त. तपासणीत कळलं की आता जंतू रिफॅम्पिसिनला दाद देत नाहीत. मग वेगळी औषधं, नव्याने मोजणी.

टीबीच्या जंतूला आपल्या पेशी गिळतात, पण तो पचत नाही. मग शरीर त्याच्याभोवती पेशींचा वेढा घालून त्याला कोंडतं. आत काही जंतू जवळजवळ झोपलेले असतात, आणि वाढणाऱ्या जंतूंना मारणं औषधाला सोपं जातं, झोपलेल्यांना अवघड. म्हणून सहा महिने. आणि एका औषधातून निसटलेला दुसऱ्याच्या हाती सापडावा, म्हणून एकदम तीन-चार औषधं. मध्येच सोडलंत तर चिवट जंतूंना रान मोकळं. बरं वाटणं दोन महिन्यांत येतं, बरं होणं नंतर. माझा उपाय अडाणी आहे: पाकीट टूथब्रशशेजारी ठेवायचं, आणि गोळी घेतली की कॅलेंडरवर लाल फुली. मोबाइलचा गजर लोक झोपेत बंद करतात.

प्रत्येक आजाराला इतके दिवस लागत नाहीत, काहींना पाचही पुरतात. किती ते डॉक्टर ठरवतील, तुमचा घसा नव्हे.

दुसरी आवडती चूक मुलांच्या कोरड्या सिरपची. बाटलीत पावडर असते. एका आजोबांनी रोज चमचाभर पावडर काढून दुधात दिली आणि तीन दिवसांनी "औषध लागू पडत नाही" म्हणून भांडायला आले. आधी बाटली हलवून पावडर सुटी करा, मग उकळून पूर्ण गार केलेलं पाणी थोडं घालून हलवा, फेस बसला की खुणेपर्यंत भरा. पाणी गरम नको. चहाचा चमचा नको, सोबतचं माप वापरा. फ्रिजमध्ये ठेवायचं की बाहेर, किती दिवस, ते लेबलवर असतं. उरलेलं पुढच्या आजारपणासाठी राखून ठेवू नका. मी हल्ली दुकानातच कालवून देतो आणि लेबलवर तारीख टाकतो. घाईतली मंडळी चुळबुळत उभी राहतात, राहू देत.

बाकी थोडक्यात. ताप हे बऱ्याचदा शरीराचंच हत्यार असतं, अंगात अर्धा अंश चढला की पॅरासिटामॉल कोंबू नका. पण तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर थेट डॉक्टरकडे. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच, वर वेगळी घेऊन दुप्पट करू नका. डेंग्यूची शंका असेल तर ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन नाही, रक्तस्रावाचा धोका वाढतो. शेजारणीच्या पट्टीतली उरलेली दोन अँटिबायोटिक? तो विषयच नको.