तापाची वही: मूल दुसऱ्याच्या हाती सोपवताना

पाळणाघरात नुकतंच जायला लागलेलं मूल वर्षातून 8-10 वेळा सर्दी-तापानं आजारी पडतं. दर वेळी रजा कुठून आणणार? मग सकाळी आई, दुपारी आजी, संध्याकाळी बाबा. घोटाळा होतो तो याच अदलाबदलीत: आईनं निघताना 8 वाजता पॅरासिटामॉल दिलेलं असतं, अंग गरम लागलं म्हणून आजी 10 वाजता पुन्हा देते.

फ्रिजवर वही लटकवा, पेन दोरीनं बांधूनच. प्रत्येक नोंदीत वेळ, ताप, औषधाचं नाव, किती मिली, शेवटची शू कधी झाली. पहिल्या पानावर मुलाचं ताजं वजन आणि डॉक्टरांचा नंबर.

पॅरासिटामॉलचा डोस वजनावर ठरतो, साधारण किलोला 15 मिग्रॅ. दोन डोसांत किमान 4 तास, 24 तासांत जास्तीत जास्त 4 डोस. बाटली मात्र नीट वाचा. 10 किलोच्या मुलाला 5 मिलीत 250 मिग्रॅ असलेलं सिरप 3 मिली पुरतं, 120 मिग्रॅवालं सुमारे 6 मिली लागतं. ड्रॉप्स तर 1 मिलीतच 100 मिग्रॅ असतात. म्हणून घरात एकच बाटली ठेवा, डॉक्टरांनी सांगितलेले मिली तिच्यावर मार्करनं लिहा आणि चमच्याऐवजी सिरिंजनं मोजा.

6-8 तास शू नाही, धाप लागतेय, मूल मलूल पडलंय, तर नोंद नंतर. आधी डॉक्टर, मग आई-बाबांना फोन.