नाताळासाठी चॉकलेट-काजूचा रोल : गोव्याच्या दमट हवेत तो घट्ट कसा राहील

गोव्यात दिवाळीचे फराळाचे ताट शेजारच्या ख्रिस्ती घरात जाते आणि नाताळात त्याच घरातून नेवऱ्यो, दोदोल, बिबिंक आणि कुलकुल यांनी भरलेले ताट परत येते. या ताटाला गोव्यात कोन्सुआद म्हणतात. पोर्तुगालमध्ये हाच शब्द नाताळच्या पूर्वसंध्येच्या कौटुंबिक जेवणासाठी वापरला जातो. आमच्या डिचोलीच्या घरात गेली काही वर्षे अशा देवाणघेवाणीसाठी चॉकलेट आणि काजूचा रोल होतो. त्याला भट्टी लागत नाही, अंडे लागत नाही आणि तो दोन दिवस आधी करून ठेवता येतो. पोर्तुगालमध्ये याच जातीचा पदार्थ मारिया बिस्किटांचे तुकडे चॉकलेटमध्ये घालून करतात आणि त्याला चॉकलेटची सालामी म्हणतात, कारण कापल्यावर चकतीवर दिसणारे पांढरे ठिपके सालामीच्या चकतीसारखे असतात. नावातली सालामी केवळ दिसण्यापुरती आहे, पदार्थात मांस नसते.

कृतीकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक वाटते. हा रोल बिघडतो तो बहुतेक वेळा प्रमाण चुकल्यामुळे नव्हे, तर ओलावा आणि उष्णता यांच्यामुळे. थंड देशांत लिहिलेल्या कृती खोलीच्या तापमानाला चॉकलेट आपोआप घट्ट होईल असे गृहीत धरतात. कोकोच्या लोण्याचे स्थिर स्फटिक सुमारे ३४ अंश सेल्सियसला वितळतात आणि डिसेंबरच्या दुपारीही गोव्यात पारा ३२ अंशांच्या आसपास असतो, म्हणजे आपले स्वयंपाकघर चॉकलेट वितळण्याच्या उंबरठ्यावरच उभे असते. म्हणून रोल वळण्याचे काम पहाटे किंवा रात्री जेवणानंतर, पंखा बंद न करता आणि शेजारच्या शेगडीवर काही उकळत नसताना करावे.

सुमारे ३८० ग्रॅमचे दोन रोल होण्यासाठी २५० ग्रॅम डार्क चॉकलेट, ६० ग्रॅम बिनमिठाचे लोणी, १०० मिलिलिटर फ्रेश क्रीम, २०० ग्रॅम मारी बिस्किटे, १५० ग्रॅम काजू, चिमूटभर मीठ आणि एका संत्र्याची किसलेली साल घ्यावी. वरून लावण्यासाठी दोन मोठे चमचे पिठीसाखर आणि एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर लागेल. वेगळी साखर घालण्याची गरज नाही, कारण बिस्किटांची आणि चॉकलेटची गोडी पुरते. चॉकलेटमध्ये कोकोचे प्रमाण ७० टक्के असेल तरच एक चमचा पिठीसाखर मिसळावी.

चॉकलेट विकत घेताना वेष्टनावरील घटक वाचावेत. ज्यात कोकोचे लोणी असते ते खरे चॉकलेट, आणि ज्यात त्याऐवजी वनस्पती तेलाचा घट्ट केलेला मेद असतो ते कंपाउंड. कंपाउंड उन्हाळ्यात सहज टिकते आणि हाताळायला सोपे असते, पण तोंडात ते मेणासारखे रेंगाळते. खऱ्या चॉकलेटचा रोल मऊ होतो, पण जिभेवर विरघळतो. माझे मत असे आहे की सणाच्या ताटात जाणारा रोल खऱ्या चॉकलेटचाच असावा. तो दोन-तीन तास प्रवास करणार असेल, तर अर्धे-अर्धे मिसळण्यात काही गैर नाही.

आता काजूविषयी, कारण या पदार्थाची सगळी चव काजूवर उभी असते. काजूचे झाड पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून गोव्यात आणले आणि ‘काजू’ हा शब्दही त्यांच्याच भाषेतून आपल्याकडे आला. गोव्यात काजूचा हंगाम मार्च ते मेपर्यंत असतो. म्हणजे नाताळात आपण जे काजू वापरतो, त्यांनी पूर्ण पावसाळा गोणीत किंवा डब्यात काढलेला असतो. काजूतील तेलाला हवा आणि ओलावा लागला की ते खवट होते. त्यामुळे म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा पणजीच्या मार्केटात काजू घेताना एक गर चावून पाहावा. खवटपणाची चव जिभेच्या मागच्या बाजूला, गिळल्यानंतर जाणवते, म्हणून थोडे थांबूनच निर्णय घ्यावा. डब्ल्यू २४०, डब्ल्यू ३२० हे आकडे एका पौंडात किती गर बसतात ते सांगतात, म्हणजे आकडा जितका लहान तितका गर मोठा. रोलसाठी मोठ्या, अखंड गराची आवश्यकता नाही. पाकळी किंवा मोठा तुकडा घेतला तरी चालते, उलट पाकळी कापताना रोलमधून सुटत नाही. सालासकट भाजलेले काजू मिळाले, तर तपकिरी साल चोळून काढावी, कारण ती तुरट लागते. खारे काजू वापरणार असाल, तर वरचे मीठ वगळावे.

काजू भाजण्याची घाई करू नये. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर, सतत हलवत, आठ ते दहा मिनिटे भाजावेत. बाहेरून गुलाबी झालेले काजू आतून कच्चे असतात, म्हणून एक तोडून पाहावा आणि आतला रंगही किंचित बदलला असेल तरच उतरवावेत. ते गरम कढईत ठेवले तर भाजणे सुरूच राहते, म्हणून लगेच ताटात पसरावेत आणि पूर्ण गार होऊ द्यावेत. पहिल्या वर्षी मी कोमट काजूच चॉकलेटमध्ये घातले होते. मिश्रण इतके पातळ झाले की वळण्यासाठी मला त्या रात्री दीड तास थांबावे लागले, आणि तोवर बिस्किटे भिजून त्यांचा लगदा झाला.

बिस्किटांचा पुडा ताजा फोडावा. उघडा राहिलेला पुडा आपल्या हवेत एका दिवसात नरम पडतो. तशी वेळ आली, तर बिस्किटे कोरड्या तव्यावर अगदी मंद आचेवर चार-पाच मिनिटे गरम करून गार करावीत, म्हणजे ती पुन्हा कुरकुरीत होतात. नंतर ती हाताने नखाएवढ्या तुकड्यांत मोडावीत. मिक्सरमध्ये फिरवल्यास पीठ होते, आणि मग चकतीवर ठिपके दिसत नाहीत, केवळ तपकिरी रंग दिसतो.

चॉकलेट बारीक चिरून लोण्यासह स्टीलच्या भांड्यात घ्यावे. खालच्या पातेल्यात दोन बोटे पाणी गरम करावे, आणि चॉकलेटचे भांडे त्यावर असे ठेवावे की त्याचा तळ पाण्याला टेकणार नाही आणि त्याचा घेर पातेल्याच्या तोंडापेक्षा मोठा असेल. या दुसऱ्या अटीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. भांडे लहान असेल, तर वाफ बाजूने वर येऊन चॉकलेटमध्ये उतरते, आणि तिचा एखादा थेंबसुद्धा वितळलेल्या चॉकलेटला कोरड्या, खडबडीत गोळ्यासारखे करतो. चॉकलेटमधील साखरेचे कण त्या थोड्याशा पाण्याने चिकट होऊन एकमेकांना धरतात, हे त्याचे कारण. दोन तृतीयांश चॉकलेट वितळले की आच बंद करावी. उरलेले भांड्याच्या उबेने वितळते.

क्रीम वेगळ्या भांड्यात कडेला बारीक बुडबुडे दिसेपर्यंतच गरम करावे, उकळू देऊ नये. ते चॉकलेटमध्ये तीन वेळा, थोडे थोडे ओतावे आणि प्रत्येक वेळी मध्यापासून बाहेरच्या दिशेने गोल ढवळावे. पहिल्यांदा ओतल्यावर मिश्रण दाट आणि बिघडल्यासारखे दिसते. तेथे घाबरून काम थांबवू नये, कारण एका थेंब पाण्याने अडकणारे चॉकलेट पुरेसा स्निग्ध द्रव मिळाला की पुन्हा एकजीव होते आणि तिसऱ्या वेळेस त्यावर चकाकी येते. मिश्रणाच्या कडेला तूप सुटल्यासारखे दिसू लागले, तर एक चमचा कोमट दूध घालून जोराने ढवळावे. बहुतेक वेळा तेवढ्याने ते जुळते. शेवटी मीठ आणि संत्र्याची साल घालावी. काही घरांत येथे एक चमचा फेणी घालतात. काजूची फेणी काजूबरोबर शोभते हे खरे, परंतु तिचा वास चॉकलेटवर चढतो आणि ताट मुलांच्याही हाती जायचे असते, म्हणून मी संत्र्यावर थांबते. दोदोलसाठी वापरतात तो माडाचा काळा गूळ मात्र यात अजिबात घालू नये, कारण तो हवेतला ओलावा खेचून घेतो.

मिश्रण बोट बुडवल्यावर गरम न लागण्याइतके निवले की आधी काजू आणि नंतर बिस्किटे घालून उलथण्याने खालून वर असे हलक्या हाताने मिसळावे. मग ते झाकून अर्धा तास ठेवावे. वळण्याची योग्य वेळ ओळखण्यासाठी पुरण आठवावे : पुरणपोळीचे पुरण मुठीत धरल्यावर जसा गोळा होतो आणि हाताला चिकटत नाही, तसे हे मिश्रण झाले पाहिजे. स्वयंपाकघर गरम असेल, तर भांडे दहा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवावे, परंतु त्याहून अधिक नको, नाहीतर कडा घट्ट होतात आणि मध्य ओला राहतो.

ओट्यावर बटर पेपरचा दोन वीत लांबीचा तुकडा पसरून त्याच्या जवळच्या बाजूला अर्धे मिश्रण ओंडक्यासारखे मांडावे. कागदाची जवळची कड मिश्रणावरून पुढे नेऊन खालच्या कागदावर टेकवावी. मग पट्टी किंवा सपाट उलथणे कागदावरून मिश्रणाच्या पायथ्याशी दाबून पुढे ढकलावे आणि त्याच वेळी दुसऱ्या हाताने खालचा कागद आपल्याकडे ओढावा. या ओढीनेच रोल घट्ट होतो आणि आतली हवा बाहेर पडते. नुसते हाताने लाटल्यास आत पोकळ्या राहतात आणि कापताना चकत्या तुटतात. रोलची लांबी सुमारे २२ सेंटिमीटर आणि जाडी साडेचार सेंटिमीटर असावी. दोन्ही टोके गोळीच्या कागदासारखी पिळून बंद करावीत.

रोल फ्रिजमध्ये किमान चार तास ठेवावा. पहिल्या तासात दर पंधरा मिनिटांनी तो फिरवावा, अन्यथा खालची बाजू सपाट होते. पुठ्ठ्याची नळी उभी कापून तिच्यात रोल ठेवला, तर हा त्रास वाचतो.

वरची पांढरी झाक देताना आपल्याकडे नुसती पिठीसाखर पुरत नाही. ती दमट हवेत तासाभरात विरघळून रोल चिकट दिसू लागतो. तिच्यात कॉर्नफ्लोअर मिसळल्यास ती अधिक वेळ टिकते. पिठी रोल देण्याच्या थोडे आधीच, कोरड्या हाताने चोळावी. त्यानंतर जाड सुती दोरा दोन-दोन बोटांच्या अंतरावर बांधला, तर तो खरोखर सालामीसारखा दिसतो.

कापण्यापूर्वी रोल पाच मिनिटे बाहेर ठेवावा. लांब सुरी गरम पाण्यात बुडवून पूर्ण कोरडी पुसावी आणि करवतीसारखी न चालवता एका दाबात उतरवावी. एक सेंटिमीटरच्या चकत्या कापल्यास एका रोलच्या वीस-बावीस होतात.

क्रीम असल्यामुळे रोल फ्रिजमध्ये हवाबंद डब्यात आठ दिवसांत संपवावा. फ्रीझरमध्ये तो महिनाभर राहतो. बाहेर काढताना कागद लगेच उघडू नये. थंड रोलवर हवेतील बाष्प जमते, ते चॉकलेटवर जमले की त्यातील साखर विरघळते आणि वाळल्यावर पांढरट डाग उरतात. कागदासकट वीस मिनिटे ठेवल्यास ते पाणी कागदावरच जमते, आणि मग कागद पुसून उघडता येतो. शेजारी पाठवायचा रोल मी न कापता, कागदासकट देते आणि सोबत एका चिठ्ठीवर त्यात काजू आणि दूध आहे हे लिहिते, कारण काही जणांना काजूची ॲलर्जी असते आणि बाहेरून पाहून आत काय आहे ते कोणालाच कळत नाही.