काटा अडला? आधी तेल मोजा

वजन कमी करताना तीन-चार आठवडे ते हललंच नाही, तरच अडलं म्हणा. रोज सकाळी उपाशीपोटी वजन करून आठवड्याची सरासरी बघा. खारट सावजी जेवणानंतर अंगात पाणी धरतं आणि काटा वर जातो, ती चरबी नव्हे.

खरी गळती तेलात. तर्री-पोह्यांवरचा लाल तवंग म्हणजे तेलच, आणि 15 मिलीच्या एका चमच्यात जवळपास 120 कॅलरी! फोडणी बाटलीतून नको, चमच्याने मोजून घाला.

हलक्या शरीराचा खर्चही कमी, म्हणून 80 किलोला बेताचा आहार 72 ला जास्त होतो. रोजची एक पोळी आणि छोटा चमचा तेल कमी करा, वरण घट्ट घ्या. लांबलचक उपास मात्र नको, स्नायूही झडतात. मे महिन्याच्या उन्हात नागपूरच्या फुटाळा तलावावरचं फिरणं सुटतं; तेव्हा घरात 15-15 बैठकांचे तीन फेरे मारा.