बॅग भरा, पण टेबल मोडू नका

लॉकडाऊनपासून मी गावी घरून काम करत होते; ऑफिसचा मेल 2021 च्या दिवाळीनंतरच्या आठवड्यात आला. सोमवार, 3 जानेवारी 2022 पासून आठवड्यातले तीन दिवस प्रत्यक्ष हजर राहायचं. पंधरवडा उलटतो न उलटतो तोच 26 नोव्हेंबरला जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाच्या ओमिक्रॉन प्रकाराचं बारसं केलं, 4 डिसेंबरला डोंबिवलीत राज्यातला पहिला रुग्ण निघाला, आणि आमच्या टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तारीख पुढे जाणार की नाही यावर पैजा सुरू झाल्या. मी पैज लावली नाही. मी यादी केली. यवतमाळहून दारव्ह्याकडे जाताना लागणाऱ्या आमच्या गावातून पुण्याला जायचं म्हणजे साडेपाचशे-सहाशे किलोमीटर. ज्यांची खोली हिंजवडीतच आहे त्यांच्या तयारीत डबा, मास्क आणि सॅनिटायझर एवढं आलं की संपलं. आपल्यासारख्यांना खोली, डिपॉझिट, गाडी, आईबाबांची औषधं असं सगळं हलवावं लागतं. आणि तारीख पुढे गेली तर तेवढंच सगळं परत आणावं लागतं.

मार्च 2020 मध्ये जनता कर्फ्यूच्या आदल्या दिवशी मी दोन जोडी कपडे घेऊन घरी आले. चार दिवसांचा प्रश्न आहे, असं म्हणत आले होते. वीस महिने झाले. म्हणून या वेळी एकच नियम धरलाय: जे पैसे परत मिळतात ती कामं आधी, जे परत मिळत नाहीत ती शेवटच्या आठवड्यात, आणि घरातली कामाची जागा फेब्रुवारी संपेपर्यंत जशीच्या तशी.

त्यामुळे पहिल्या दिवशी बॅग काढू नका, ऑफिसला मेल लिहा. तीन दिवस कोणते, तारीख बदलली तर किती दिवस आधी कळवणार, कंपनीचा लॅपटॉप घेऊन प्रवास करताना काही झालं तर जबाबदारी कोणाची, हे सगळं लेखी विचारा. माझी शिफ्ट दुपारी दीड ते रात्री साडेदहा. त्यामुळे सुटल्यावर मुलींना गाडी मिळणार का, हेही मी विचारलं. महाराष्ट्रात रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती आणि सुरक्षित जाण्यायेण्याची सोय लागते, ही कंपनीची मेहरबानी नाही. अजून एक विचारा, जे शहरातल्या मॅनेजरच्या लक्षातच येत नाही: आठवड्याला तीन दिवस म्हणजे महिन्याला बारा. ते बारा दिवस सलग दोन-अडीच आठवड्यांत देता येतील का? देता आले तर उरलेला अर्धा महिना गावातून काम करता येतं. नाहीतर तीन दिवसांसाठी अख्खा आठवडा पुण्यात भाडं भरत बसायचं. आमच्या टीम लीडने फोनवर "होईल हो" म्हटलं. "होईल हो"वर पुण्यात कोणी खोली देत नाही.

मग लस. राज्य सरकारच्या 27 नोव्हेंबरच्या आदेशाप्रमाणे तेव्हा दुसऱ्या डोसनंतर 14 दिवस झाले की माणूस पूर्ण लसवंत धरला जायचा. त्याशिवाय सार्वजनिक वाहनात बसणं अडचणीचं होतं, आणि मास्क नसेल तर 500 रुपये दंड होता. कोविशिल्डच्या दोन डोसांत तेव्हा 84 दिवसांचं अंतर होतं, म्हणून बोटं मोजून बघावं लागायचं. ज्याचा पहिला डोस 20 सप्टेंबरला झाला त्याचा दुसरा 13 डिसेंबरला, आणि प्रमाणपत्र खऱ्या अर्थाने चालायला 27 डिसेंबर उजाडणार होता. एक आठवडा चुकलात तर 3 तारीख गेली. गावच्या शिबिरात लस घेतलेल्यांनी प्रमाणपत्र आजच उघडून पाहा. शाळेच्या व्हरांड्यात गर्दी असताना एकाच मोबाईल नंबरवर चार-चार जणांची नोंद झालीय आणि नावांची पार वाट लागलीय. बाबांचं आडनाव आधार कार्डावर एक आणि लसीच्या कागदावर दुसरंच आहे. पोर्टलवर दुरुस्तीची सोय आहे, पण ती दारात ट्रॅव्हल्स उभी असताना होत नाही.

ट्रॅव्हल्सवरून आठवलं. ऑक्टोबर 2021 च्या शेवटापासून एसटीचा संप चालू होता. एसटी राज्य सरकारमध्ये विलीन करण्याच्या मागणीबद्दल ज्याला जे वाटायचं ते वाटो, पण गावात लाल गाडी येत नव्हती ही गोष्ट खरी. म्हणजे गावातून तालुक्याला काळीपिवळी जीप, तिथून यवतमाळला दुसरी, आणि तिथून पुण्याची रात्रीची ट्रॅव्हल्स, तीही संपामुळे वाढलेल्या भाड्यात. काळीपिवळीत दहाच्या जागी पंधरा माणसं कोंबतात आणि मास्क हनुवटीला असतो. अख्ख्या प्रवासात सर्वांत धोक्याचा तुकडा हाच, स्लीपर कोच नव्हे. शक्य असेल तर एवढ्या तुकड्याला भावाची नाहीतर शेजारच्या काकांची मोटरसायकल सांगून ठेवा. आमच्या यवतमाळला 2021 मध्ये ब्रॉडगेज रेल्वे नव्हती, वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचं काम चालूच होतं. त्यामुळे रेल्वे पकडायची तर धामणगाव नाहीतर बडनेरा गाठावं लागायचं. तरी मी रेल्वेचंच तिकीट काढलंय, कारण आधी रद्द केलं तर थोडे कापून बाकीचे पैसे परत येतात. ट्रॅव्हल्सवाला "पुढच्या खेपेला ॲडजस्ट करू ताई" म्हणतो. एसी डब्याचं तिकीट असलं तरी तेव्हा पांघरूण सोबत घ्यावं लागायचं. कोरोनापासून रेल्वेने चादर-ब्लँकेट देणं बंद केलं होतं, आणि जानेवारीच्या रात्री हे मनमाडच्या आसपास लक्षात येऊन उपयोग नाही.

खोलीचं थोडक्यात: जुन्या मैत्रिणींना विचारून पहिला महिना कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली फक्त एक खाट भाड्याने घेऊन राहा. दोन महिन्यांचं डिपॉझिट आणि अकरा महिन्यांचा करार 3 जानेवारी खरोखर उजाडेपर्यंत करू नका.

आता मुख्य गोष्ट, घरातली जागा. ती मोडायची नाही, उलट नीट करून ठेवायची. कारण उद्या तारीख पुढे गेली, किंवा पुण्यात जाऊन आठ दिवसांत "सगळे परत घरून" असं झालं, तर सोमवारी दीड वाजता लॉगिन इथूनच करायचंय. लाईन, म्हणजे वीज, हा इथला पहिला प्रश्न. घर गावठाणात असेल तर सिंगल फेज बऱ्यापैकी असते. वावरात घर असेल तर शेतपंपाच्या फीडरवर थ्री फेज ठरावीक तासच येते, आणि दिवस-रात्रीची पाळी बदलते. तुमच्या शिफ्टच्या वेळेला कोणती पाळी आहे ते लाईनमनला विचारून कॅलेंडरवर लिहून ठेवा. हरभऱ्याला पाणी सुरू झालं की संध्याकाळी व्होल्टेज इतकं पडतं की ट्यूबलाईट नुसती फडफडते. अशा वेळी लॅपटॉपचा चार्जर तग धरतो, राऊटर धरत नाही. राऊटरसाठी बारा व्होल्टचा छोटा यूपीएस वेगळा मिळतो, तो घ्या. आतापर्यंत केलेल्या खर्चातला हा सर्वांत शहाणा खर्च.

इन्व्हर्टरचा हिशेब दुकानदारावर सोडू नका, तो मोठीच बॅटरी गळ्यात मारतो. 150 एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी म्हणजे बारा व्होल्टने गुणून 1800 वॅट-तास. त्यातले निम्मेच हाती येणार असं धरा, म्हणजे 900. लॅपटॉप 60 वॅट, राऊटर 10, एक दिवा 10. हिवाळ्यात पंखा नको. झाले 80 वॅट, म्हणजे अकरा तास, पूर्ण शिफ्ट आरामात. उन्हाळ्यात पंख्याचे 70 वाढले की तेच सहा तासांवर येतं. त्यात समोरच्या घरी मालिका बघायला तुमच्या इन्व्हर्टरवरून वायर गेली असेल तर हिशेब विसरा. आमच्याकडे गेली होती. काढायला सांगताना आईला जो संकोच झाला तो विचारू नका.

रेंजसाठी दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं ठेवा, कारण एका टॉवरचं डिझेल संपलं की निदान दुसरा असतो. फायबर ग्रामपंचायतीपर्यंत आलंय. तिथून पुढे घरापर्यंत यायला बहुतेक ओमिक्रॉनच्या नातवाची वाट पाहावी लागेल. व्हिडिओ चालू ठेवून मीटिंग केली तर तासाला एक जीबीच्या आसपास जातो, म्हणजे रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये एक बैठक आणि उरलेला दिवस देवाच्या भरवशावर. त्यात 2021 च्या नोव्हेंबरअखेरीपासून सगळ्यांचे दर वाढले. 1 डिसेंबरपासून जिओचा 555 चा पॅक 666 ला झाला. तोही 84 दिवसांचा. कोविशिल्डचेही 84, रिचार्जचेही 84. या आकड्याचं आणि आपलं काय नातं आहे कोण जाणे. ऑफिसला इंटरनेटचे पैसे मागा, आणि वीस महिन्यांत मागितले नसतील तर त्याच मेलमध्ये मागा.

टेबलाबद्दल एवढंच की ते माडीवर आहे, भिंतीला पाठ लावून, कारण खिडकीकडे पाठ केली की मागे गुरांचा कोठा दिसतो आणि मीटिंगमध्ये गोऱ्हा येतो. मी ते आवरायला घेतलं तेव्हा आई म्हणाली, "तू जाशीन तं जाय, पण थे टेबल तिथंच राहू दे. हलवलं की अडचण येते." तिला साथीचं काही कळलंय म्हणून ती बोलली नाही. गेल्या वर्षी जूनमध्ये मी एकदा टेबल खाली आणलं होतं, आणि त्याच रात्री माडीखालच्या खोलीत पाणी झिरपलं. पण तिचं ऐकलं.

आईबाबांची तयारी ही यादीतली सगळ्यात लांब ओळ, आणि ऑफिसच्या कोणत्याच मेलमध्ये ती नाही. मी घरी होते म्हणून बाबांच्या बीपीच्या गोळ्या वेळेवर होत्या. आता दोन महिन्यांच्या गोळ्या आणून, सकाळच्या वेगळ्या आणि रात्रीच्या वेगळ्या डब्यात भरून ठेवल्यात, रात्रीच्या डब्याला काळा दोरा बांधलाय. ऑक्सिमीटर आईला शिकवलं. नखाला मेंदी नको, बोट गार नको, आकडा थांबेपर्यंत बोट हलवायचं नाही, आणि 94 च्या खाली दिसला तर मला फोन नंतर, आधी आशाताईंना, म्हणजे गावच्या आशा कार्यकर्तीला. आकडा बरा दिसला तर घरातल्या घरात सहा मिनिटं चालून पुन्हा मोजायचं, कारण बसून बरा दिसणारा आकडा चालल्यावर घसरू शकतो. मेमध्ये दुसऱ्या लाटेत आमच्या आळीत हे कोणालाच माहीत नव्हतं. त्याबद्दल इथे लिहीत नाही. आशाताईंचा, प्राथमिक आरोग्य केंद्राचा आणि गाडी असलेल्या दोन घरांचा नंबर भिंतीवर खडूने मोठ्या अक्षरात लिहिलाय. मोबाईलमध्ये ठेवलेला नंबर चार्जिंग संपल्यावर कोणाच्या कामाचा?

गावाला काय सांगायचं, तेही ठरवून ठेवा. वीस महिने "घरीच हाये नं, मंग दोन पाट्या वेचून दे" हे ऐकलं. कापूस 2021 च्या हंगामात क्विंटलला आठ हजारांच्या वर गेला होता आणि वेचायला बायका मिळत नव्हत्या, त्यामुळे बोलणाऱ्यांचंही चुकत नव्हतं. मी सकाळी सहा ते दहा वावरात जात होते आणि दीडला लॉगिन करत होते. ऑफिसला ते कधी कळलं नाही आणि कळवायचीही गरज नव्हती. जाणार म्हटल्यावर आता काकू विचारतात, "काहून वो, तिकडं नोकरी पक्की झाली का?" म्हणजे घरून करत होते ती कच्ची होती. पण जाण्याआधी एक व्यावहारिक काम करा. तुम्ही सकाळी वावरात जे करत होता ते पुढे कोण करणार, हे बाबांसोबत बसून आताच बोला. तुरीचा हंगाम जानेवारीतच येतो. पुण्याहून फोनवर मजूर मिळत नाही.

बॅगेत ऑफिससाठी काय घ्यायचं ते तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या दोनच सूचना. एन-95 मास्क तीन-चार घ्या आणि आलटून पालटून वापरा, धुऊ नका. आणि जेवण डेस्कवर किंवा उघड्यावर करा, कारण दिवसभर मास्क लावून सगळे नेमके कॅन्टीनच्या बंद खोलीत एकमेकांसमोर काढतात. म्हणून डब्यात एकटीने खाता येईल असंच काहीतरी न्या. जवसाची चटणी महिनाभर टिकते, ठेचा चार दिवस. आईने दोन्ही भरलेत, वर सांबारवडी, म्हणजे कोथिंबिरीची वडी, द्यायचं म्हणतेय. ती शिळी चालत नाही, ती गाडीतच संपवायची.

एवढं लिहून झालं तेव्हा ऑफिसचं उत्तर आलं: "तारखेबाबत लवकरच कळवू." तिकीट तसंच ठेवलंय. आता उठते, बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर टाकायचं राहिलंय.