मनपाचं पेज सांभाळायचंय? आधी फाइल कुठून कुठे जाते ते शिका

एका महानगरपालिकेच्या जनसंपर्क विभागात मी सोशल मीडिया आणि ऑनलाइन तक्रारींचं काम पाहते. जनसंवाद, समाजकार्य किंवा लोकप्रशासन शिकणारी मुलंमुली हल्ली नेहमी विचारतात की या कामात यायचं तर काय शिकावं? रील बनवता यायला हवेत का? डिझाइनचा कोर्स करावा का? हे सगळं यायला हवं, पण ते थोड्या दिवसांत हाताला बसतं. वेळ लागतो तो दुसऱ्याच गोष्टीला. नागरिकाने लिहिलेली ओळ कार्यालयात कुणाच्या टेबलावर जाते, तिथे तिचं काय होतं आणि त्याचं उत्तर त्या माणसापर्यंत परत कसं पोचतं, हे समजायला खूप फिरावं लागतं. माझ्या मते या नोकरीला अर्थ येतो तो त्या परत गेलेल्या उत्तरामुळे.

पेजवर येणारी प्रत्येक गोष्ट तक्रार नसते, हे पहिल्या दिवसापासून पक्कं असू द्या. रस्त्यावरचा दिवा बंद आहे, ही तक्रार. जन्मदाखला मिळाला नाही, ही सेवेची मागणी. ती अधिसूचित, म्हणजे शासनाने या कायद्याखाली जाहीर केलेली सेवा असेल तर महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ लागू होतो. म्हणजे पदनिर्देशित अधिकारी, ज्याने ती सेवा द्यायची तो, ठरलेला, मुदत ठरलेली, ती टळली तर प्रथम अपील, मग द्वितीय अपील आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोग. चौकात सिग्नल बसवा, ही सूचना. आणि शहराच्या विकास आराखड्यात रस्ता, शाळा, बाग अशा कामासाठी एखादी जागा राखून ठेवली, म्हणजे तिच्यावर आरक्षण टाकलं, आणि त्याला विरोध असेल तर ती हरकत. ती मुदतीत, लेखी आणि जाहीर सूचनेत दिलेल्या ठिकाणी पोचली नाही, तर कायद्याच्या हिशेबी ती आलेलीच नसते. कमेंटमध्ये कुणी कितीही तळमळीने लिहिलं तरी सुनावणीच्या यादीत त्याचं नाव लागत नाही. अशा माणसाला ‘धन्यवाद, आपले मत नोंदवले आहे’ असं उत्तर देणं ही त्याची फसवणूक आहे. त्याला तिथल्या तिथे सांगायला हवं की हरकत इथे धरली जात नाही, अमुक तारखेच्या आत अमुक कार्यालयात द्या, अर्जाचा नमुना हा घ्या. या एका उत्तराने एखाद्याचं घर वाचू शकतं, इतकं ते महत्त्वाचं आहे.

आता एक साधी तक्रार जवळून पाहू. सकाळी मेसेज येतो, ‘दोन दिवस पाणी नाही. टॅक्स घेता ना?’ पत्ता नाही, प्रभाग नाही. दिलगिरी व्यक्त करणारं तयार उत्तर इथे चिकटवू नका. इमारत कुठली, जवळची खूण कुठली, पाणी एरवी किती वाजता येतं, शेजारच्यांना येतंय का, एवढं विचारा. शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. शेजारी पाणी असेल तर दोष बहुधा सोसायटीच्या टाकीत किंवा मोटारीत असतो. सगळ्या गल्लीत नसेल तर प्रश्न व्हॉल्व्हचा किंवा जलवाहिनीचा. ही माहिती हातात असली की पाणीपुरवठ्याच्या कनिष्ठ अभियंत्याला फोन करताना तो तुमचं नीट ऐकतो, कारण त्यालाही पुढे व्हॉल्व्हमनला हेच विचारायचं असतं.

संध्याकाळी विभागाकडून उत्तर येतं, ‘सदर तक्रारीच्या अनुषंगाने जागेवर पाहणी केली असता योग्य ती कार्यवाही करण्यात आली आहे.’ हे उत्तर जसंच्या तसं पुढे पाठवणारे पुष्कळ जण पाहिलेत. यातून त्या घरातल्या बाईला काय कळलं? काहीच नाही. पुन्हा फोन लावा आणि काय सापडलं, काय केलं ते विचारा. मग लिहा, ‘तुमच्या गल्लीच्या तोंडाशी जलवाहिनीला गळती होती. आज दुपारी ती दुरुस्त केली. उद्या नेहमीच्या वेळी पूर्ण दाबाने पाणी येतं का, कळवा.’ हे वाचून राग निवळतो, आणि पाणी आलं नसेल तर आपल्यालाही लगेच कळतं.

विभागाने ‘नाही’ म्हटलं असेल तर तेही असंच स्पष्ट पोचवा. रस्ता महापालिकेचा नसून सार्वजनिक बांधकाम विभागाचा आहे, या वर्षीच्या अंदाजपत्रकात तरतूद नाही, जागेचा वाद कोर्टात आहे, ही कारणं ऐकून घेण्याइतके लोक समजूतदार असतात. न मिळालेल्या उत्तराने ते चिडतात, आणि ते चिडणं योग्यच आहे.

‘निकाली’ हा शेरा जपून वापरायला शिका. तक्रार दुसऱ्या विभागाकडे वर्ग केली म्हणून ती निकाली दाखवायची पद्धत अनेक ठिकाणी आहे. आकडे छान दिसतात आणि खड्डा तिथेच असतो. मुंबईत प्रजा फाउंडेशन माहिती अधिकारातून महापालिकेच्या तक्रारींची आकडेवारी मिळवून त्यावर अहवाल काढते. नव्याने येणाऱ्याने ते अहवाल जरूर वाचावेत. बाहेरचा माणूस आपल्या कामाकडे कुठल्या नजरेने बघतो ते त्यातून समजतं.

साधनांबद्दल बोलायचं तर कुठलंही अ‍ॅप बघताना ते छान दिसतं का, याआधी त्यामागे काय विचार केलाय ते बघा. निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये सी-व्हिजिल आणलं. आचारसंहितेचा भंग दिसला की फोटो किंवा व्हिडिओ तिथेच काढायचा, गॅलरीतला जुना फोटो त्यात चढवता येत नाही. जागेची नोंद आपोआप होते आणि १०० मिनिटांत कार्यवाहीची स्थिती कळवणं अपेक्षित असतं. दोनच बंधनं घातली, पण त्यामुळे खोट्या तक्रारी गळतात आणि पथकाला नेमकं ठिकाण मिळतं. ब्रिटनमध्ये मायसोसायटी या संस्थेने २००७ मध्ये फिक्समायस्ट्रीट सुरू केलं. त्यात खड्ड्याची तक्रार नकाशावर सगळ्यांना दिसते, त्यामुळे तोच खड्डा पुन्हा कळवावा लागत नाही आणि कोणती तक्रार किती दिवस पडून आहे हे शेजाऱ्यालाही दिसतं. आपल्याकडे सगळा ओढा व्हॉट्सअ‍ॅपकडे आहे. ते सोपं आहे, प्रत्येकाच्या हातात आहे, आणि मुंबई महापालिकेने जानेवारी २०२२ मध्ये सुरू केलेल्या चॅटबॉटसारखी सोय घरबसल्या माहिती मिळवायला खरंच उपयोगी पडते. पण व्हॉट्सअ‍ॅपवरची तक्रार पाठवणारा आणि घेणारा या दोघांनाच दिसते. म्हणून तिथे आलेली प्रत्येक तक्रार मुख्य प्रणालीत नोंदवून टोकन क्रमांक देण्याचा आग्रह मी कायम धरते.

हरकती-सूचनांचं काम याहून अवघड, आणि मला स्वतःला सर्वांत आवडतं ते हेच. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, २०१५ मध्ये इंटरनेट सेवांवर मतं मागवली तेव्हा नेट न्यूट्रॅलिटीच्या, म्हणजे इंटरनेट कंपन्यांनी सगळ्या संकेतस्थळांना सारखंच वागवावं या तत्त्वाच्या बाजूने दहा लाखांहून अधिक ई-मेल आले. लोक बोलत नाहीत, असं म्हणणाऱ्यांना हे उत्तरच होतं. मात्र ते ई-मेल संकेतस्थळावर टाकताना पाठवणाऱ्यांचे ई-मेल पत्तेही जगजाहीर झाले. मत उघड असावं, पण माणसाचा संपर्क उघडा पडू नये, हा धडा त्यातून घ्या. लोकांचा फोन नंबर, घराचा पत्ता, आजारपणाचे कागद कधीही जाहीर कमेंटमध्ये मागू नका. कुणी स्वतःहून टाकलेच तर ते काढायला सांगा.

भाषेचं तर विचारूच नका. २०२० मध्ये पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या, म्हणजे ईआयएच्या नव्या अधिसूचनेचा मसुदा इंग्रजी आणि हिंदीत आला. तेव्हा तो राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या बावीसही भाषांमध्ये द्यावा, असं दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं. ज्या रायगड-रत्नागिरीच्या गावावर प्रकल्प येणार, तिथल्या माणसाने इंग्रजी मसुदा वाचून मुदतीत हरकत घ्यावी ही अपेक्षाच अन्यायाची आहे. आपल्याकडे मसुदा मराठीत असतो तेव्हाही तो स्कॅन केलेल्या चित्राच्या रूपात येतो, किंवा जुन्या फॉन्टमध्ये, जो मोबाइलवर उघडला की नुसत्या खुणा दिसतात. शोधला तर सापडत नाही आणि दृष्टिहीन व्यक्तीला मजकूर वाचून दाखवणारं स्क्रीन रीडर तो वाचू शकत नाही. म्हणून प्रत्येक जाहीर सूचना युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर नीट दिसणाऱ्या अक्षरांत, टाइप करून पोस्टमध्ये मजकूर म्हणून द्या. सोबत साध्या मराठीत चार ओळी लिहा की काय बदलणार, कुणावर परिणाम होणार, हरकत कुठे आणि कधीपर्यंत द्यायची. कंटाळवाणं काम आहे, पण कुठल्याही रीलपेक्षा याचं मोल जास्त.

मुंबईच्या विकास आराखड्याचा पहिला मसुदा फेब्रुवारी २०१५ मध्ये आला. त्यातल्या चुकांवर हरकतींचा पाऊस पडला आणि एप्रिलमध्ये राज्य सरकारने तो मागे घेऊन नव्याने करायला सांगितलं. लोकांच्या बोलण्याने एवढा मोठा कागद बदलू शकतो, हे मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगते. तुमच्याकडे अशा हरकती आल्या तर त्या विषयवार लावा, एकाच नमुन्यातल्या वेगळ्या काढा, पण फेकू नका. आणि शेवटी मान्य-अमान्य व त्याचं कारण असा तक्ता जाहीर व्हावा म्हणून वरिष्ठांच्या मागे लागा.

विनोदाबद्दल थोडं. मुंबई पोलीस डिसेंबर २०१५ मध्ये ट्विटरवर आले आणि त्यांच्या खुसखुशीत पोस्ट गाजल्या. हेल्मेट, पासवर्ड, नशेत गाडी चालवणं यांवर ती शैली शोभते. ज्याच्या घरात गटाराचं पाणी शिरलंय त्याला ती लावू नका.

पावसाळ्यात तर शब्दाशब्दाला जपावं लागतं. पुण्यात खडकवासल्यातून मुठेत विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो, आणि त्याचा मेसेज घरोघरी फिरतो. तोच मेसेज दुसऱ्या दिवशीही फिरत राहतो. म्हणून किती क्युसेक (सेकंदाला किती घनफूट पाणी), किती वाजल्यापासून, हे तारखेसह चित्रावरच छापा. खालच्या मजकुरात लिहिलेली तारीख फॉरवर्ड होताना गळून पडते. आणि क्युसेकच्या आकड्यासोबत नदीकाठच्या कुठल्या वस्त्यांनी हलायचं तेही लिहा, कारण आजीबाईंना क्युसेक कळत नाही, वस्तीचं नाव कळतं.

आपल्या पेजवर कोण येत नाही, याची यादी करा. पुणे महापालिका २००६ पासून प्रभागातल्या कामांसाठी नागरिकांकडून सूचना मागवते, अंदाजपत्रकात त्यांना जागा देते. फार चांगला उपक्रम आहे. पण अशी मागणी फक्त ऑनलाइन फॉर्मवर ठेवली तर संघटित सोसायट्या भरभरून सूचना देतात आणि चाळीतली, वस्तीतली माणसं मागे राहतात. घरात एकच मोबाइल असतो आणि तो बहुतेक वेळा पुरुषाच्या खिशात. घंटागाडीच्या भोंग्यावर निरोप द्या, अंगणवाडीत फॉर्म ठेवा, बचत गटाच्या बैठकीला जा. तुकाराम मुंढे नवी मुंबईचे आयुक्त असताना २०१६ मध्ये ‘वॉक विथ कमिशनर’ सुरू झालं, तेव्हा लोक सकाळी आयुक्तांसमोर उभे राहून बोलत होते. समोरासमोरच्या अशा भेटीत आलेलं बोलणं त्याच प्रणालीत नोंदवलं, तर ऑनलाइन आणि प्रत्यक्ष हा भेद उरत नाही.

नोकरीचे मार्ग सांगते. राज्याच्या माहिती व जनसंपर्क महासंचालनालयातली पदं एमपीएससीतून भरली जातात, जाहिरातीवर लक्ष ठेवा. मुख्यमंत्री फेलोशिपमधून तरुणांना शासनाचं काम आतून बघायला मिळतं. महापालिकांचं बरंचसं काम निविदेतून एजन्सीकडे जातं आणि तिथे अकरा महिन्यांचे करार सर्रास असतात. सही करण्याआधी विचारा की पगार एजन्सी देणार की मनपा, पीएफ आहे का, रात्री-बेरात्रीच्या पाळीचं काय, आणि उत्तराला मंजुरी देणारा अधिकारी कोण. शेवटचा प्रश्न टाळला गेला तर सावध व्हा. मंजुरीची साखळी ठरलेली नसली की खापर करारावरच्या माणसावर फुटतं. आचारसंहितेच्या काळात पेजवर काय चालतं आणि काय नाही, हेही रुजू होण्याआधी वाचून ठेवा.

मुलाखतीला जाताना रील घेऊन जाण्यापेक्षा हे करा. तुमच्या शहराची एखादी ताजी जाहीर सूचना शोधा. ती तिकिटाच्या रांगेत उभा असलेला माणूस वाचेल अशा मराठीत लिहा. त्यावर स्वतःची हरकत किंवा सूचना मुदतीत द्या, पोच घ्या आणि सुनावणी असेल तर जाऊन बसा. तिथे समोरच्या टेबलावरचे अधिकारी कागद कसे चाळतात, लोक काय बोलतात, कुणाचं बोलणं टिपून घेतलं जातं, ते लिहून काढा. ती दोन पानं आणि ती पोच फाइलला जोडा. आमच्याकडे कुणी असं घेऊन आलं, तर मी त्या उमेदवाराशी आधी बोलेन.