पेज रिप्लेसमेंट वहीत सोडवा

ऑपरेटिंग सिस्टिममधलं पेज रिप्लेसमेंट (मेमरी भरली की नवं पान आणायला कुठलं जुनं पान काढायचं ते) नुसतं वाचून डोक्यात बसत नाही. प्रोग्रॅमला लागणाऱ्या पानांचे नंबर वहीत ओळीने लिहा: १, २, ३, ४, १, २, ५, १, २, ३, ४, ५. खाली ३ फ्रेमच्या (मेमरीत पान ठेवायच्या जागांच्या) चौकटी आखून फिफोने, म्हणजे आधी आलेलं पान आधी काढत, भरत जा. पेज फॉल्ट (हवं ते पान मेमरीत नसणं) ९ येतील. आता फ्रेम ४ करा. मेमरी वाढली, तरी फॉल्ट १०! ५ आत येताना १ बाहेर जातं आणि लगेच १च हवं असतं. मग २ जातं, की २ची मागणी. फ्रेम वाढवूनही फॉल्ट वाढणं, हीच संगणकशास्त्रज्ञ बेलाडीची विसंगती. पेन्सिल हातात असतानाच हे नीट दिसतं. मग तीच ओळ एलआरयूने, म्हणजे सगळ्यात जास्त वेळ न वापरलेलं पान काढत, सोडवा: ३ फ्रेमला १०, ४ फ्रेमला ८. उत्तर चुकलं तर खोडू नका, कुठलं पान चुकीचं काढलं ते शोधा.