महामारीच्या परिणामांवरील संशोधन कसे वाचावे

कोविड-19 ची जागतिक आणीबाणी संपल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने 5 मे 2023 रोजी जाहीर केले, परंतु या महामारीने शरीरावर, मनावर आणि समाजावर काय परिणाम केले याविषयीचे निष्कर्ष अजूनही प्रसिद्ध होत आहेत. ते आपल्यापर्यंत पोहोचतात ते बहुधा एका टक्केवारीच्या रूपात. ती टक्केवारी खरी मानण्यापूर्वी, आणि तितकेच महत्त्वाचे म्हणजे ती फेटाळण्यापूर्वी, मूळ शोधनिबंध उघडावा. वैद्यकाचे शिक्षण नसलेल्या वाचकालाही त्यातील हवी ती माहिती सापडू शकते. फक्त ती कोठे शोधायची हे ठाऊक असावे लागते.

शोधनिबंध सापडला की प्रथम त्याची आजची स्थिती पाहावी. तो प्रीप्रिंट असेल, तर इतर तज्ज्ञांनी त्याची तपासणी अद्याप केलेली नाही असा त्याचा अर्थ होतो. तपासणी झालेली असली तरी निबंध नंतर मागे घेतला गेला आहे का, हे नियतकालिकाच्या संकेतस्थळावर पाहण्यास एक मिनिट पुरते. मे 2020 मध्ये ‘द लॅन्सेट’ या नामांकित नियतकालिकाने 96,000 हून अधिक रुग्णांच्या नोंदींवर आधारलेला निबंध छापला. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन या हिवतापावरील औषधाने कोविडच्या रुग्णांत मृत्यूचे प्रमाण वाढते, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याचा परिणाम म्हणून या औषधाच्या काही चाचण्या थांबवण्यात आल्या. मूळ नोंदी तपासणीसाठी उपलब्ध होत नाहीत हे स्पष्ट झाल्यावर दोन आठवड्यांच्या आत, 4 जून रोजी, तो मागे घेण्यात आला. त्या दोन आठवड्यांत जे वाचक निबंध वाचून पुढे गेले आणि परत फिरकले नाहीत, त्यांच्या मनात तो निष्कर्ष कदाचित आजही तसाच असेल.

यानंतर सारांश सोडून थेट ‘पद्धती’ हा विभाग वाचावा. संपूर्ण निबंधातील सर्वांत कंटाळवाणा वाटणारा हाच भाग माझ्या मते सर्वांत मोलाचा असतो, कारण कोणाला मोजले, कसे मोजले आणि कोणाशी ताडून पाहिले हे तिथेच लिहिलेले असते. लाँग कोविडचे, म्हणजे संसर्गानंतर दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या लक्षणांचे, उदाहरण घेऊ. संसर्ग झालेल्यांपैकी किती जणांना तो होतो, याची उत्तरे निरनिराळ्या अभ्यासांत इतकी वेगळी येतात की वाचक गोंधळून जातो. हा फरक बराचसा व्याख्येतून येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या ऑक्टोबर 2021 च्या व्याख्येनुसार लक्षणे सामान्यतः संसर्गानंतर तीन महिन्यांनी दिसतात, किमान दोन महिने टिकतात आणि त्यांचे दुसऱ्या कोणत्याही निदानाने स्पष्टीकरण होत नाही. एखाद्या अभ्यासाने चार आठवड्यांनंतरची प्रत्येक तक्रार मोजली असेल, तर त्याचा आकडा साहजिकच मोठा येणार. केवळ रुग्णालयात दाखल झालेल्यांनाच मोजले असेल, तर तो घरीच बऱ्या झालेल्यांना लागू करता येत नाही. प्रश्नावली पाठवून माहिती गोळा केली असेल, तर ती किती जणांना पाठवली आणि किती जणांनी भरून दिली हे दोन्ही आकडे शोधावेत, कारण ज्यांना त्रास होत आहे तेच उत्तर देण्याची शक्यता अधिक असते.

तुलनागट आहे का, हा प्रश्न तर कधीच चुकवू नये. थकवा, डोकेदुखी, झोप न लागणे या तक्रारी संसर्ग न झालेल्यांतही आढळतात. शंभर बाधितांपैकी तीस जणांना थकवा जाणवतो असे समजले, आणि त्याच वयाच्या शंभर अबाधितांपैकी वीस जणांना तो जाणवत असेल, तर संसर्गाच्या पदरी घालता येतील असे दहाच जण उरतात. (हे आकडे केवळ समजावण्यासाठी घेतले आहेत.) यामुळे त्या दहा जणांचे दुखणे खोटे ठरत नाही, उलट नेमका आकडा हाती आला तरच त्यांच्यासाठी उपचारांची तरतूद मागता येते.

‘इतक्या टक्क्यांनी घट’ असे वाचले की मूळ तक्त्यापर्यंत जावे. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ या चाचणीने जून 2020 मध्ये दाखवून दिले की डेक्सामेथासोन या स्वस्त औषधाने व्हेंटिलेटरवरील रुग्णांचे मृत्यू, वयातील फरक जुळवून घेतल्यावर, सुमारे एक तृतीयांशाने घटले. तक्त्यात पाहिले तर नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपैकी 28 दिवसांत 41.4 टक्के दगावले, तर औषध मिळालेल्यांपैकी 29.3 टक्के, म्हणजे शंभरांमागे बारा जीव वाचले. केवळ ऑक्सिजनवर असलेल्यांत हे प्रमाण 26.2 वरून 23.3 टक्क्यांवर आले आणि ज्यांना ऑक्सिजनची गरजच नव्हती त्यांना काहीच फायदा दिसला नाही. एकाच औषधाविषयीच्या या तीन ओळी न वाचता फक्त ‘एक तृतीयांश’ लक्षात ठेवणाऱ्याने ते औषध सौम्य आजारातही घ्यावे असे समजणे किती सोपे आहे, याचा विचार करावा.

मृत्यूंच्या एकूण आकड्यांबाबत नोंदवलेले मृत्यू आणि अतिरिक्त मृत्यू यांत गल्लत करू नये. पूर्वीच्या वर्षांच्या कलावरून जितके मृत्यू अपेक्षित होते त्यापेक्षा जितके अधिक झाले, ते अतिरिक्त. 2020 आणि 2021 या दोन वर्षांत कोविडमुळे झाल्याची नोंद असलेले मृत्यू जगभरात सुमारे 54 लाख होते. जागतिक आरोग्य संघटनेचा अतिरिक्त मृत्यूंचा अंदाज 1 कोटी 49 लाख होता. या अंदाजासोबत 1 कोटी 33 लाख ते 1 कोटी 66 लाख अशी मर्यादाही दिलेली आहे, आणि ती वगळून मधलाच आकडा सांगणे अपुरे ठरते.

सामाजिक परिणामांचे संशोधन वाचताना अडचण वाढते, कारण सगळा समाजच एकाच वेळी महामारीत सापडल्याने तुलनेसाठी तिच्यापासून दूर राहिलेला गट जवळजवळ नसतोच. म्हणून महामारीपूर्वीची दिशा काय होती ते पाहावे. पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांच्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेतील देशांचे गणितातील सरासरी गुण 2018 ते 2022 या काळात सुमारे 15 ने घसरले आणि ते शाळा बंद राहिल्यामुळेच, असे सर्रास म्हटले जाते. प्रत्यक्षात त्याच अहवालात असेही नोंदवले आहे की वाचन आणि विज्ञान या विषयांतील घसरण आधीपासूनच चालू होती, आणि शाळा थोडाच काळ बंद ठेवणाऱ्या आइसलँड, स्वीडनसारख्या देशांच्या व दीर्घकाळ बंद ठेवणाऱ्या ब्राझील, आयर्लंडसारख्या देशांच्या कलांत स्पष्ट फरक दिसला नाही. शाळाबंदीने मुलांचे नुकसान झाले नाही असा याचा अर्थ नव्हे. या एका आकड्यावर तो सगळा भार टाकता येत नाही, इतकेच.

आपल्याला आधीच पटलेल्या निष्कर्षाची तपासणी अधिक कसून करावी. महामारीच्या पहिल्या वर्षात जगभरात चिंता आणि नैराश्य सुमारे 25 टक्क्यांनी वाढल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मार्च 2022 मध्ये सांगितले. त्यावरून आत्महत्याही त्याच प्रमाणात वाढल्या असतील असे अनेकांनी गृहीत धरले. परंतु 21 देशांतील नोंदींवर आधारलेल्या, 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात महामारीच्या सुरुवातीच्या महिन्यांत अशी लक्षणीय वाढ आढळली नाही. हे सर्व देश उच्च किंवा उच्च-मध्यम उत्पन्नाचे होते आणि मोजणी 2020 च्या जुलैअखेरपर्यंतची होती. त्या निष्कर्षाचा आज हवाला देताना देशांची ही मर्यादा आणि ही मुदत त्याच वाक्यात लिहावी.